आल्टवेर्थला निघालेला मुलगा

मस्कतबाहेर, फंजा गावाच्या अलीकडे वादीला पाणी आलं आणि रस्ता बंद झाला. वादी म्हणजे कोरडी नदी. एरवी तिच्यात दगडगोटे नि चरणाऱ्या बकऱ्या, पण डोंगरात पाऊस झाला की बघता बघता तांबडं पाणी रस्त्यावरून धो धो वाहायला लागतं. अशा वेळी मस्कतचा शहाणा माणूस गाडी बाजूला लावतो, खाली उतरतो आणि पाणी ओसरायची वाट बघतो.

तृप्तीही उतरली. मस्कतच्या वादी कबीर भागातल्या शाळेत भूगोल शिकवणारी ही मुलगी मस्कतमध्येच जन्मलेली. नद्यांचा धडा दरवर्षी शिकवायची आणि वाहती नदी बघायला सुट्टीत भारतात जायची. आता समोर एवढं पाणी दिसल्यावर ती कसली थांबते... ओढणी सावरत थेट काठाशी गेली.

“मॅडम, जरा मागे या. तिथली माती खचते,” मागून आवाज आला.

“माहितीये मला. भूगोल शिकवते मी.”

“पाण्याला सांगितलंत का तसं?”

ती चिडून वळली. एक उंच, सावळा मुलगा फ्लास्कमधला दाट, कडक ‘करक’ चहा कागदी कपात ओतत होता. भरलेला कप त्याने तिच्याचपुढे धरला. आता चहा घेऊन रागवायचं तरी कसं? तृप्तीने मुकाट्याने कप घेतला.

मुलाचं नाव लोकेश. महाडचा, इथं मस्कतजवळ रुसैलच्या एका कारखान्यात इंजिनीअर. ‘महाड’ ऐकताच तृप्तीचे बाबा, यशवंतकाका, गाडीतून उतरून आले. “जयभीम. महाडात कुठले?” इथून जे सुरू झालं ते पाणी ओसरेपर्यंत थांबलं नाही. कळलं ते असं, की कारखान्याची यंत्रं जर्मनीत आल्टवेर्थ नावाच्या एका खेड्यात बनतात, आणि कंपनी लोकेशला दोन वर्षं तिथं पाठवणार आहे. त्याआधी जर्मन भाषेची परीक्षा. तीत त्या गावाचा इतिहास-भूगोल तोंडी सांगायचा.

“भाषा होईल हो कशीतरी. भूगोल नाही होत,” लोकेश म्हणाला.

“आमची तृप्ती आहे की. शुक्रवारी घरी या,” काका म्हणाले. तृप्तीला विचारायची त्यांना काही गरज वाटली नाही.

तेव्हापासून दर शुक्रवारी दुपारी लोकेश यायला लागला. टेबलावर नकाशा पसरायचा आणि दोघं त्यावर वाकायची. मोझेल नदी पार आडवी-तिडवी वळत जाते, आणि तिच्या एका वळणाच्या कुशीत हे आल्टवेर्थ. एक चर्च, एक लांबच लांब गल्ली, मागे उभा चढ आणि चढावर द्राक्षांचे मळे. मळ्यांतला दगड काळा, पाटीचा. दिवसभर तापतो नि रात्री वेलींना ऊब देतो. वेली रोमन लोकांनी आणल्या. पुढे गाव बिशपचं झालं, मग फ्रेंचांचं, मग प्रशियाचं. झेंडे बदलत गेले, गाव होतं तिथंच राहिलं.

“आणि पूर?” लोकेशने विचारलं.

“येतो ना. जेवढं पाणी चढलं तेवढ्यावर घराच्या भिंतीत रेघ कोरतात आणि साल लिहितात.”

“आमच्याकडे चिखल काढतात आणि सालाला शिव्या देतात.”

ती खळखळून हसली. हसताना पेन्सिल हातातून निसटली, दोघं एकदमच वाकली, आणि... जाऊ द्या, तुम्हाला कळलंच असेल. वर उठल्यावर ‘अहो लोकेश’चं ‘ए लोकेश’ झालं होतं.

“किती लोकवस्ती?” एकदा त्याने उगाचच विचारलं. उत्तर त्याला पाठ होतं.

“जेमतेम चारशे. बाई गं, मी तर चार दिवसांत वेडी होईन तिथं.”

ती सहज बोलून गेली. तो मात्र त्या दिवशी चहा अर्धा टाकून उठला.

परीक्षा झाली. लोकेश पास झाला, व्हिसा आला, तिकीटही आलं, पण पठ्ठ्या जे बोलायचं ते बोलेना. आणि इकडे तृप्तीचं कशातच मन लागेना. वर्गात नाईल शिकवता शिकवता मोझेलवर घसरली. बसली की उठावंसं वाटे, उठली की बाल्कनीत जावंसं वाटे, आणि बाल्कनीत गेली की खाली प्रत्येक पांढरी गाडी त्याचीच वाटे. तो आवडतो, हे तिला स्वतःशी कबूल करून झालं होतं. पण तो काही न बोलताच गेला तर?

त्यात सामानाची वाटणी सुरू झाली. आखातातली ही जुनी रीत. देश सोडून जाणारा माणूस आपलं सामान ओळखीपाळखीत वाटून टाकतो. कुणाला मिक्सर, कुणाला गादी, कुणाला कुंडी. लहानपणापासून तृप्तीने हेच पाहिलं होतं. शाळेतल्या मैत्रिणी एकेक करून गेल्या, तिच्याकडे बाहुल्या नि रंगपेट्या उरल्या. वस्तू हातात पडली की समजायचं, खलास. ते माणूस आता परत यायचं नाही.

यशवंतकाकांना लोकेशचा टेबलफॅन मिळाला. आईला, सरिताबाईंना, कुकर. खालच्या यूनुसभाईंना सायकल. आपल्या हातात काय पडणार, एवढाच विचार तृप्ती करायची. काही देऊ नकोस रे बाबा, असं ती मनात घोकायची, आणि काहीच दिलं नाही तर तेही सोसवणार नव्हतं.

निघायच्या आदल्या दुपारी बेल वाजली. तिने दार उघडलं. लोकेश मोकळ्या हातांनी उभा होता.

“येतो म्हणून सांगायला आलो.”

“बरं.”

“काका आहेत?”

“आहेत. तुझ्या पंख्यासमोर झोपलेत.” आणि मग तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. “सगळ्यांना दिलंस. यूनुसभाईंना सायकल, ज्यांना तू धड ओळखतही नाहीस. मी दर शुक्रवारी तुझ्यासाठी नकाशे काढले, आणि मला साधा चमचा नाही?”

“नाही.”

“का?”

त्याच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या.

“जे सोडून चाललोय ते वाटलं, तृप्ती. तुला... तुला सोडून जायचं नाहीये मला.”

तिचे डोळे भरून आले, आणि त्याचाच तिला राग आला.

“मग इतके दिवस बोलला का नाहीस?”

“तूच म्हणालीस. चारशे माणसांत वेडी होईन. तिथं तुला कुठल्या तोंडाने चल म्हणू?”

“अरे, ते मी एकटी असेन तर म्हणत होते,” ती म्हणाली. “बाबांची नोकरी पुढच्या वर्षी संपतेय, आणि माझा व्हिसाही त्यांच्याच नोकरीवर आहे. मग आम्हालाही सामान वाटायचंच आहे. जिथं जन्मले तिथंच मला राहता येणार नाही, लोकेश. कुठंतरी जायचंच, तर तुझ्याबरोबर का नको?”

खाली शाळेची बस वळत होती, कुणीतरी हॉर्न वाजवत होतं. तिने ओढणीच्या टोकाने डोळे पुसले आणि अगदी वर्गातल्या आवाजात विचारलं, “कंपनीची खोली मोझेलच्या कुठल्या काठावर आहे?”

“डाव्या.”

“हिवाळ्यात त्या काठावर डोंगराची सावली असते. ऊन उजव्या काठावर येतं. मी मस्कतची मुलगी आहे, मला ऊन लागतं. उजव्या काठावर घर बघ.”

लोकेशने खिशातून फोन काढला आणि तिथंच, दारात उभ्या उभ्या, घरं शोधायला लागला.

“आत्ता नाही,” तृप्ती म्हणाली आणि त्याचं मनगट धरून त्याला आत ओढलं. “आधी बाबांना उठवू.”