पाव्हणी

जातिनिदर्शक नावाचं यंत्र राज्यातल्या प्रत्येक मासळी-धक्क्यावर बसलं, तेव्हा ते बनवणाऱ्या डॉ. केतकी वालावलकर यांचे फोटो पेपरात झळकले होते. यंत्र दिसायला जेवणाच्या डब्याएवढं. खेकड्याच्या पायाचं टोक त्याच्या फटीत धरायचं आणि चाळीस सेकंद थांबायचं. हिरवा दिवा लागला तर माल विकायला मोकळा. लाल लागला तर ती जात संकटात आहे, खेकडा मुकाट्याने परत पाण्यात. सरकारी नाव भारदस्त असलं तरी धक्क्यावरचे कोळी त्याला 'जातपडताळणी' म्हणत. माणसांच्या पडताळणीपेक्षा ही लवकर होते, असंही वर ऐकवत.

या यंत्राविरुद्ध उभ्या किनाऱ्यावर तक्रार करणारं एकच माणूस होतं. वाघोडी बंदराच्या चांगुणाबाई वैती, वय ऐंशीच्या घरात. नऊ वर्षांत त्यांचे चौदा अर्ज केतकीबाईंच्या संशोधन संस्थेत आले, कुणाकडून तरी लिहून घेतलेले, आणि मजकूर दर वेळी तोच. खाडीच्या तोंडाशी मिळणारी पाव्हणी ही चिंबोरी नव्हे, ती वेगळी आहे. तुमचा डबा तिला हिरवा दिवा दाखवतो म्हणून व्यापारी पाट्या भरभरून नेतात. पाव्हणी बाजारात नेऊ देऊ नका.

तेरा वेळा केतकीबाईंनी एकच छापील उत्तर पाठवलं होतं : 'सदर खेकडा तपासणीनुसार सर्वसामान्य चिंबोरीच आहे.' म्हातारीही वस्ताद. चौदाव्या अर्जाबरोबर तिने खेकड्याचा एक पाय मिठात घालून पिशवीतून पाठवला. तो अर्ज नेमका डॉ. फिरदौस मुकादम हिच्या टेबलावर गेला. फिरदौस बाईंपेक्षा पंधरा वर्षांनी लहान, रत्नागिरीकडची, आणि स्वतः तपासल्याशिवाय कशावरही सही करायची नाही या खोडीबद्दल संस्थेत बदनाम. तिने तीन दिवस घेतले आणि चौथ्या दिवशी सकाळी बाईंच्या प्रयोगशाळेत येऊन उभी राहिली.

"मॅडम, ही चिंबोरी नाही."

बाईंनी मान वर केली नाही. "यंत्र काय म्हणतंय?"

"चिंबोरी. शंभर टक्के. तीच तर गोम आहे." फिरदौसने खुर्ची ओढली. "यंत्र वाचतं काय, तर आईकडून येणाऱ्या एका जनुकाचा तुकडा. साडेसहाशे अक्षरांची वंशखूण. ती आपल्या नमुनाकोशातल्या खुणांशी ताडायची आणि जिच्याशी जुळेल तिचं नाव सांगायचं. यंत्राला खेकडा ओळखता येतच नाही. कोणत्या खुणेवर आपण कोणतं नाव चिकटवलंय, तेवढंच त्याला ठाऊक."

"हे तू मला शिकवतेस?"

"नाही. मी या पायातला सगळा जनुकसंच वाचला. चिंबोरीपासून फुटून या जातीला पंधरा-वीस लाख वर्षं झाली असतील. कोशात चिंबोरीच्या नावाखाली एकशे चार नमुने आहेत. हा पाय त्यातल्या फक्त एकाशी जुळतो. एकसष्ट क्रमांक. एकसष्टमध्ये आणि बाकीच्यांमध्ये शंभरात पाच अक्षरांचा फरक आहे. एकाच जातीत एवढा फरक नसतो. मग एकसष्ट चिंबोऱ्यांत आला कुठून?"

कुठून आला ते बाईंना पक्कं ठाऊक होतं. बावीस वर्षांपूर्वी, प्रबंधाच्या दिवसांत, त्या वाघोडीच्या धक्क्यावर गेल्या होत्या आणि एका कोळणीला म्हणाल्या होत्या, एक साधी चिंबोरी द्या. कोळणीने ती वेगळ्या टोपलीतून काढून दिली, पैसे काही केल्या घेतले नाहीत आणि 'पाव्हणी' असं काहीतरी म्हणाली. शंभरात पाच अक्षरांचा हा फरक तेव्हाही दिसला होता. परत वाघोडीला जाऊन विचारायचं तर एका दिवसाचं काम. पण प्रबंधाची तारीख डोक्यावर होती. बाईंनी वाक्य लिहून टाकलं : 'स्थानिक लोक या खेकड्याला पाहुणी म्हणतात, त्यावरून हा दूरच्या समुद्रातून वाहत आलेला चिंबोरीचाच गट असावा.' परीक्षकांना ते वाक्य इतकं आवडलं की त्यांनी ते मोठ्याने वाचून दाखवलं होतं.

फिरदौसने दुसरा कागद पुढे केला. वाघोडीच्या यंत्राची नोंद. एकसष्टशी जुळलेले खेकडे पहिल्या वर्षी अकरा हजार. मग चार हजार, मग सहाशे. गेल्या वर्षी चार. यंदा एकही नाही. पूर्वी गावातली पोरं पाव्हणीला हात लावत नसत, म्हातारी माणसं ओरडायची. पडताळणीत चिंबोरी निघाली म्हटल्यावर कोण कुणाचं ऐकतो!

"हा पाय जिचा आहे, ती जिवंत असू शकते," फिरदौस म्हणाली. "पाय तोडला म्हणून खेकडा मरत नाही. आत्ता फोन करा, मॅडम. म्हणावं, तिला जपा."

बाईंनी त्याच दिवशी एकसष्टला चिंबोऱ्यांतून बाहेर काढलं, वेगळी जात म्हणून नोंदवलं, आणि सगळ्या धक्क्यांवर तिच्यासाठी लाल दिवा लावला. एवढं श्रेय त्यांना दिलंच पाहिजे. फोनही केला. पण तेरा पत्रं खोटी होती, हे फोनवर कसं सांगायचं? समोर बसून सांगू, असं त्यांनी स्वतःला समजावलं. "मी संस्थेतली वालावलकर. उद्या तुमच्याकडे येते," एवढंच त्या बोलल्या. म्हातारीला कोण आनंद झाला. नऊ वर्षांनी का होईना, कुणीतरी येत होतं. जेवायलाच या, असं तिने बजावून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी दोघी पोचल्या तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. अंगणात जाळी वाळत होती. म्हातारीने पाणी दिलं, पाट मांडले. परसात सिमेंटची एक टाकी होती, खाडीच्या पाण्याने भरलेली. फिरदौस तिच्यात वाकून बघून आली आणि पाटावर बसली.

बाईंनी एकदाचं सांगून टाकलं. तुमचंच खरं होतं, चूक आमची होती, माझी होती. म्हातारीने शांतपणे ऐकून घेतलं.

"दिवा लाल केला?"

"केला. कालच."

"मंग बरं जालं. आता बाजारात नाय जायची." ती समाधानाने उठली आणि आतून दोन ताटं घेऊन आली. बाईंच्या ताटात लाल रश्शात एक मोठा खेकडा होता. एका बाजूला त्याचा एक पाय कमी होता.

"टाकीतली?" फिरदौसने विचारलं.

"हां गो. महिनाभर जपली. लाखेनं कशी भरलीय बग."

कवचाखाली नारिंगी लाख, म्हणजे तिची अंडी, गच्च बसली होती. एवढ्या लाखेतून किती लाख पिल्लं झाली असती, हे त्या घरात दोघींनाच माहीत होतं.

बाईंनी विचारलं, "का केलीत ही?"

म्हातारीला प्रश्नच कळला नाही. "पाव्हण्यांची चिंबोरी ती. म्हनून पाव्हणी. आमी कदी इकली नाय, आपून खाल्ली पन नाय. घरी पाव्हणा आला का एक धरायची, बास. तू एवरी लांबशी आलीस, तुला साधी वाढू?" मग तिला काहीतरी आठवलं. "आदी पन एक पोर आलेली, शिकनारी. साधी चिंबोरी दे, बोलत होती. उनातानात आलेली पोर, तिला साधी कशी देनार? तिला पन हीच दिली."

ती पोर मीच, हे बाईंनी सांगितलं नाही. फिरदौसच्याही ते लक्षात आलं होतं, पण तिनेही सांगितलं नाही.

"जेव गो बाय, थंड व्हते," म्हातारी म्हणाली आणि पदराने वारा घालत समोर बसली.

बाईंनी नांगी फोडली आणि पहिला घास घेतला. चव फार चांगली होती.