मनकर्णाबाईचा रांजण

दसरा उलटून गेला तरी ऊन काही हटत नव्हतं. जेवण आटोपून गीतांजलीने पिशवीत बॅटरी आहे ना ते पाहिलं आणि स्कूटी काढली. अकोला रस्त्यावरच्या त्या लहानशा शहरात ती नगरपरिषदेची स्वच्छता निरीक्षक होती. काम रोजचंच. कुणाचं सांडपाणी रस्त्यावर, कुणाचा उकिरडा शेजाऱ्याच्या भिंतीला. आजची तक्रार एका बंद घराची होती. आत पाणी साचतं, डास होतात.

तक्रार करणारा किशोर शेजारच्याच दारात उभा होता. दाढी वाढलेली, डोळे लाल. त्याची दुसरीतली मुलगी प्रणाली अकोल्याच्या दवाखान्यात डेंग्यूने पडली होती. बायको आकांक्षा तिच्याजवळ होती. हा कपडे न्यायला आला, तो या कामासाठी थांबला.

"मॅडम, आज ते पाणी सांडूनच जा. पोरीच्या पेशी कमी होऊन राहिल्या. डॉक्टर धड बोलत नाही."

"पाहतो ना भाऊ आपण. धीर धरा."

कुलूप तोडायचं म्हणजे पंच लागतो. समोरचे खुशालराव पायात चपला सरकवत आले.

"सहीले मीच सापडतो सगळ्याईले," ते म्हणाले. "ओटा तोडला तवाबी मीच होतो."

"कोणता ओटा, काका?"

खुशालरावांनी किशोरकडे पाहिलं. किशोर नालीकडे पाहू लागला.

त्या बंद घरात पूर्वी मनकर्णाबाई एकटी राहायची. तिचा ओटा नालीवर आलेला होता. ओट्यावर नळ, नळाखाली रांजण. येणारा जाणारा तिथे पाणी प्यायचा आणि छोटी प्रणाली तर आजी, आजी करत दिवसभर तिथेच खेळायची. मग किशोरने गाडी घेतली. गाडी वळेना. त्याने अतिक्रमणाची तक्रार दिली. ओटा हद्दीबाहेर होताच, तो नियमाने पाडला गेला. ओट्याबरोबर नळही गेला. नवा नळ आज जोडू, उद्या जोडू, असं होत राहिलं. म्हातारीने रांजण ओढत अंगणात नेला आणि भर वैशाखात लांबच्या नळावरून बादली बादली पाणी आणू लागली. कुणाला एका शब्दाने बोलली नाही.

"दार उघडलं तं हातात गिलास होता," खुशालराव हळू आवाजात म्हणाले. "रांजण कोरडा ठण्ण. बाई तहानेनं गेली... नळायच्या गल्लीत."

"काका, आता कायले काढता ते?" किशोर म्हणाला. आवाजात राग नव्हता.

कुलूप एका घावात निघालं.

आत कोंदट वास होता. जुन्या कपड्यांचा, उंदरांचा. अंगणातली तुळस वाळून काडी झाली होती. पालापाचोळा घोट्याएवढा साचला होता. फक्त कोपऱ्यातल्या रांजणाभोवतीची जागा स्वच्छ झाडलेली होती. वर पितळी झाकण, घासूनपुसून ठेवल्यासारखं.

गीतांजलीने झाकण उचललं. रांजण काठोकाठ भरलेला होता.

तिने बॅटरीचा उजेड आत सोडला. डासांची एकही अळी नव्हती. तळ दिसत होता, इतकं नितळ पाणी. या घराला नळ नाही, पाऊस जाऊन किती दिवस झाले आणि कुलूप तर आत्ता तोडलं.

"अळी नाही," ती म्हणाली. "असं पाणी सांडता येत नाही, भाऊ. झाकलेलं आहे, ताजं आहे..."

"ताजं? कोणं भरलं?"

घराच्या आतल्या अंधाऱ्या खोलीतून आवाज येत होता. अगदी बारीक. तापाने फणफणलेलं माणूस झोपेत घेतं तसा, अडखळणारा श्वास.

"मांजर असंन..." खुशालराव म्हणाले आणि दोन पावलं मागे सरले.

किशोरने काही ऐकलं की नाही, देव जाणे. "माही पोरगी मरून राहिली आन् तुमी अळ्या पाहता," असं म्हणत तो पुढे झाला आणि काठाला धरून रांजण कलंडवला.

एवढं पाणी, पण ओहोळ निघाला नाही. जमिनीला टेकलं तिथेच ते जिरलं. माती ओलीसुद्धा दिसेना. आणि आतून कुणीतरी म्हणालं, अगदी थकलेल्या आवाजात, "काऊन सांडलं रे बाबू..."

त्याच वेळी किशोरचा फोन वाजला. आकांक्षा रडत होती, तिचा शब्दन् शब्द बाहेर ऐकू येत होता. "तुमी निघाल्यावर उतरला होता हो ताप, डॉक्टर म्हणे धोका टळला. आत्ता एकदम चढला... आजी, आजी म्हणून राहिली ती..."

किशोरने रांजण पुन्हा उभा केला. मग धावत आपल्या घरी गेला. प्यायच्या पाण्याचा पिंप त्याने आणला, तो ओतला. पुन्हा गेला. आंघोळीची बादली, कूलरची टाकी, होतं नव्हतं ते सगळं. नळाला पाणी यायला अजून तीन दिवस होते. खुशालराव आपल्या घरची घागर घेऊन आले. गीतांजलीने डब्याबरोबरची बाटली तेवढी ओतली. दुसरं काय करणार होती?

रांजण भरला. आतला श्वास हळूहळू सावकाश झाला. संध्याकाळी आकांक्षाचा पुन्हा फोन आला. पोरगी झोपली होती. अंग गार होतं.

दिवाळीच्या आधी गीतांजली मुद्दाम त्या गल्लीत गेली. तक्रार तिने केव्हाच बंद केली होती. मनकर्णाबाईचं दार उघडं होतं आणि किशोर खांद्यावर घागर घेऊन आत चालला होता. तो बराच वाळला होता.

"रोज भरता?"

"सकाळी भरतो, संध्याकाळी तळ दिसते. कुठं गळत नाही. पाहून झालं माहं."

मागोमाग प्रणाली आली. हाताला सुईचे काळे डाग, पण गाल भरू लागले होते. गीतांजलीने तिला जवळ घेतलं. "बरं वाटते ना आता, बेटा?"

"मले बरं हाय. आजीलेच बरं नाही."

"कोण्या आजीले?"

"दवाखान्यात आली होती ना ती. माह्या खाटीवर बसली. म्हणे, तुहा ताप मले दे, मले उन्हाची सवय हाय." पोरीने बापाकडे चोरून पाहिलं आणि आवाज खाली केला. "बाबाले सांगू नको म्हणे, त्याले वाईट वाटंन..."

किशोरने घागर खाली ठेवली. तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला आणि त्याचे खांदे हलू लागले.

उगाच काहीतरी करायचं म्हणून गीतांजलीने रांजणाला हात लावला. सावलीतली माती, वर नुकतं ओतलेलं पाणी. हाताला गार लागायला हवं होतं. पण आजारी लेकराच्या कपाळासारखा तो रांजण तापला होता आणि तिला आपला हात तिथून काढवेना.