मेल्फच्या काठीची भोकं

ओहोटी लागली की आमच्या फ्रिसियन बेटाभोवतीचा समुद्र कोसभर मागे हटतो आणि उघड्या वाळूवर लाटांनी काढलेली नक्षी उरते. बंदराच्या कचेरीत अडतीस वर्षं शिक्के मारून निवृत्त झाल्यापासून मी तिचे फोटो काढतो. चौकटीत माणसाची खूण नसली, की ती वाळू आहे, ढग आहे की म्हाताऱ्याची कातडी, हे कळेनासं होतं. म्हणून मी पाण्याच्या ओघळींतूनच चालतो. पाऊल उमटत नाही.

मेल्फ याला हसायचा. तो लोकांना वाळूपार नेणारा वाटाड्या. प्रत्येक थांब्यावर, स्वतःला धरून, जितकी माणसं तितकी भोकं तो काठीनं पाडायचा, म्हणजे कुणी मागे राहिलं नाही याची खात्री. मला म्हणायचा, "कारकुंड्या, वाळूत पाऊल न उमटवता दोघंच चालतात. तू आणि बुडालेले."

तो जानेवारीत गेला. तेही अंथरुणात, वाटाड्याला न शोभणारं मरण.

एप्रिलमधल्या त्या दुपारी मी एकटाच होतो. सोळा फोटो मनासारखे झाले. मान वर केली, तर सगळीकडे धुकं. बेट दिसेना. मागे माझंच एकही पाऊल नव्हतं. ओघळींतलं पाणी उलटं फिरू लागलं... भरती. कुजक्या शेवाळाचा वास आला.

काही सुचेना म्हणून कॅमेरा डोळ्याला लावला. नक्षीच्या मधोमध दोन भोकं होती. कॅमेरा बाजूला केला, तर नुसती वाळू. पुन्हा लावला, तर दोन. पुढे आणखी दोन.

"मेल्फ...?"

दोन म्हणजे तो आणि मी. इतकं हायसं मला बढतीच्या दिवशीही वाटलं नव्हतं. प्रत्येक जोडीचा फोटो घेत बंधाऱ्याच्या पायऱ्यांपर्यंत आलो.

बायको गेशे दारातच उभी होती. "पाणी घोट्याला लागलं, की घर आठवतं वाटतं?" म्हणाली आणि गरम सूप वाढलं. मी बूट दाराबाहेर काढले आणि जेवलो.

संध्याकाळी तळघरात लाल दिव्याखाली फोटो धुतले. भोकं उमटली होती. खुशीत एकेक दोरीला अडकवत गेलो. भोकांच्या पहिल्या पाच फोटोंत दोन-दोन. सहाव्यापासून, थेट पायऱ्यांपर्यंत, तीन.

वरून गेशेनं विचारलं, "बूट तर बाहेर काढलेस... मग दारापासून तळघराच्या जिन्यापर्यंत एवढं पाणी कुणी आणलं? पाऊल तर एकही नाही."

मी जिन्याकडे पाठ करून शेवटचा फोटो दोरीला नीट लावला. कुजक्या शेवाळाचा वास पुन्हा येत होता, पण तो फोटोंचा नव्हता.