पुन्हा रुजू

दवाखान्याच्या तक्रार खिडकीवर मी बरीच वर्षं काढली होती, त्यामुळे चिडक्या माणसांची मला भीती वाटत नाही. ती नोकरी सुटली त्याच सुमारास ताईची बदली या शहरात झाली. तिच्या पाठोपाठ मीही आले. शहर दोघींनाही नवं. महिन्याभरात या संस्थेत काम मिळालं. मुलाखत फोनवरच झाली. संस्था कलावंतांना काम करायला खोल्या देते, साहित्य पुरवते, अडीअडचणीला धावून जाते. त्यांना काय हवं-नको ते बघायचं, हे माझं काम.

माझ्याबरोबर त्या दिवशी आणखी एकजण रुजू होणार होता, नवा हिशेबनीस. फाटकाशीच भेट झाली. गोल चेहऱ्याचा, बडबड्या माणूस.

"आपण एका बाकावरचे," तो म्हणाला. "कोणी ओरडलं तर मी तुमच्या मागे लपणार, आत्ताच सांगून ठेवतो."

स्वागतकक्षातल्या बाईंनी त्याला हसून खुर्ची दिली. मग माझ्याकडे पाहिलं आणि हसू तिथल्या तिथे विझलं.

"तुम्हाला काय दाखवायचं? जिना माहीतच आहे तुम्हाला."

मला माहीत नव्हता. शोधत गेले.

इमारतीत पूर्वी कसला तरी कारखाना असावा. उंच खिडक्या, सिमेंटची जमीन, टर्पेंटाइनचा आणि ओल्या मातीचा वास. मी ज्या दाराशी जाई तिथलं बोलणं थांबे. मातीची भांडी घडवणाऱ्या बाईंनी मला पाहताच चाक थांबवलं, उठून आल्या आणि चिखलाने माखलेला हात चौकटीवर आडवा धरला.

"इथे पाय ठेवायचा नाही."

"अहो, मी नवीन आहे. आज पहिलाच दिवस..."

त्यांनी माझ्या तोंडावर दार लावून घेतलं. आतून आवाज आला, "हिला परत घेतलंच कसं?"

जेवणाच्या सुट्टीत मी बसले त्या टेबलावरचे दोघे आपापले डबे उचलून निघून गेले. हिशेबनीस मात्र येऊन समोर बसला.

"तुमच्यासारखी दिसणारी कोणीतरी इथे गोंधळ घालून गेलेली दिसते," तो हळूच म्हणाला. "सरळ मोठ्या बाईंना विचारा. सोक्षमोक्ष होऊन जाईल."

मलाही तेच पटलं. चेहऱ्यात गफलत होते. दवाखान्यात रोज व्हायची.

संचालिकाबाईंनी मला बसा म्हटलं नाही.

"माझा विरोध होता," त्या म्हणाल्या. "पण विश्वस्तांना तुमची दया आली."

"बाई, मी या शहरात पहिल्यांदाच आलेय."

"हेच तुम्ही मागच्या वेळीही म्हणाला होतात."

तरी विचारलं, "मी केलं तरी काय?"

त्यांनी खिडकीकडे तोंड फिरवलं. मग सपाट आवाजात सांगितलं. तांब्याच्या पत्र्यावर आम्लाने चित्र कोरणारा एक चित्रकार होता. काम करताना एक थेंब उडून डोळ्यात गेला. त्याने पाणी मागितलं. जवळ म्हणे मीच होते.

"तुम्ही त्याच्या हातात आम्लाचीच बाटली दिलीत. तो ओरडत होता, आणि तुम्ही शांतपणे विचारत होतात, अजून हवं का म्हणून."

"तो माणूस कुठे आहे?" मी म्हणाले. "मला त्याला भेटायचंय."

इतर काहीही म्हणोत, त्याला तर खरं माहीत असणार.

तो टोकाच्या खोलीत होता. काळा चष्मा, हातात मेणाचा गोळा, बोटं सारखी चाललेली. बाई दारातच थांबल्या.

"बोला काहीतरी," तो म्हणाला.

मी माझं गाव सांगितलं, दवाखान्यातली नोकरी सांगितली. मला भराभर बोलवत नव्हतं. तो मान तिरकी करून ऐकत होता. मग त्याचे खांदे सैल पडले.

"नाही. ही ती नाही."

माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. बाईंकडे वळून पाहिलं. त्यांचाही चेहरा जरा निवळला होता.

"उगाच त्रास झाला तुम्हाला," तो म्हणाला. "एकदाच, माझ्या समाधानासाठी, 'पाणी' म्हणा."

"पाणी," मी म्हणाले.

त्याची बोटं थांबली.

खुर्ची मागे सरकली. तो भिंतीला पाठ लावून उभा राहिला आणि दोन्ही हात चेहऱ्यासमोर धरले.

"बाई," तो म्हणाला, "हिला बाहेर काढा."

मी जिना कशी उतरले, आठवत नाही. फाटकाशी हिशेबनीस उभा होता. ऊन अजून होतं. मी जवळजवळ पळतच त्याच्याकडे गेले.

"ऐका ना, ही सगळी माणसं..."

तो मागे सरला. सकाळचा तो गोल, हसरा चेहरा आता ओळखू येत नव्हता.

"माझ्याशी बोलू नका."

"अहो, आपण सकाळीच..."

"तो ओरडत होता तेव्हा मी दारातच होतो," तो म्हणाला. "धावत आलो होतो. तुम्ही माझ्याकडे बघून हसलात."

तो त्या जागी आजच आला होता. माझ्याबरोबर.

घरी पोचले. ताईला काही सांगितलं नाही. शब्दांत सांगण्यासारखं काही नव्हतंच. ती कपड्यांच्या घड्या घालत होती, तिची छोटी जमिनीवर चित्रं रंगवत होती. ताईने विचारलं, "कसा गेला दिवस?" मी म्हटलं, "बरा." तिने मान हलवली. घर नेहमीसारखंच होतं. मला हळूहळू श्वास घेता येऊ लागला.

"मावशी, पाणी," छोटी म्हणाली.

मी स्वयंपाकघरात जाऊन पेला भरून आणला आणि तिच्या हातात दिला.

ताई हातातली घडी खाली ठेवून उठली. तिने छोटीच्या ओठांपाशी गेलेला पेला काढून घेतला, त्याचा वास घेतला आणि मोरीत ओतून दिला.