वरवंट्याविना आलेला पाटा

हे खरं घडलेलं आहे. कोणाकडून ऐकलेलं नाही. मी तिथे होते.

आणि रात्रीबित्री नाही. भर दुपारी घडलं. दौंडच्या रेल्वे क्वार्टर्समध्ये, सन अठ्ठावन्नच्या उन्हाळ्यात.

आमचे वडील गार्ड होते. क्वार्टर्समध्ये सारख्या बदल्या व्हायच्या. बदली झालेलं बिऱ्हाड सगळं सामान नेत नसे. जुनी शेगडी, खाट, मुलांचे कपडे, मागे राहणारं सगळं आमच्या ओट्यावर यायचं. ज्याला हवं त्याने न्यावं. ही रीत माझ्या आईने पाडली होती. तिचं नाव ग्लॅडिस. ती केडगावच्या मिशनमध्ये वाढली होती आणि तिला काही टाकवत नसे.

तिचा एकच नियम होता. कोणी दिलं ते सांगायचं नाही. कोणाचं होतं ते विचारायचं नाही. म्हणजे घेणाऱ्याची मान खाली जात नाही, असं ती म्हणायची.

मला तो नियम फार सुंदर वाटायचा. अजूनही वाटतो. पण...

सांगते.

त्या वर्षी होळी होऊन गेल्यावर इनामगावाहून बापूसाहेबांची बैलगाडी आली. बापूसाहेब मोठे शेतकरी. दौंडच्या बाजाराला यायचे, वडिलांच्या ओळखीचे. गाडीत गोधड्या होत्या, लुगडी होती, एक लाकडी पेटी होती. आणि तळाशी एक पाटा.

काळा कुळकुळीत. नुकतीच टाकी लावून, छिन्नीने खाचा पाडून घेतलेला. दोन गडी लागले उतरवायला.

आई म्हणाली, इतका चांगला पाटा देताय! बापूसाहेब म्हणाले, घर आवरलं. मग जरा थांबून म्हणाले, "तुमच्यात चालतंय. तुमाला काय बाधत न्हाई."

आई हसली. वापरलेल्या वस्तूंचा विटाळ आम्ही ख्रिस्ती माणसं मानत नाही, असं त्यांना म्हणायचं असेल, हा तिचा समज झाला. गाडी निघून गेल्यावर तिच्या लक्षात आलं.

पाट्याबरोबर वरवंटा नव्हता.

पाटा-वरवंटा म्हणजे मायलेकरं. एक देऊन दुसरं कोणी ठेवून घेत नाही. आईला नवल वाटलं. पण तिने विचारलं नाही. नियम होता ना.

शेजारच्या क्वार्टरमध्ये माझी रूथमावशी राहायची. आईची धाकटी बहीण. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. तिचे यजमान एडविनकाका इंजिनावर फायरमन. कोळसा ओढून ओढून हात काळे, पण माणूस लोण्यासारखा. वाटणघाटण करायला मावशी आमच्याकडे यायची, तेव्हा ते आईला चिडवायचे. "ताई, बहीण दिलीत, पाटा द्यायला विसरलात. आता मी रोज वाटण उसनं खायचं का?"

तर तो पाटा मावशीकडे गेला. वरवंटा कुठून तरी मिळेपर्यंत आमचा न्यायचा, काम झालं की परत आणून द्यायचा, असं ठरलं.

एका दुपारी आई चुलीपाशी तांदूळ निवडत होती. मी जमिनीवर आडवी पडले होते. लोको शेडही त्या वेळी शांत असे.

भिंतीपलीकडून आवाज आला.

घर्र... घर्र...

पाट्यावर वाटल्याचा. जड हाताचा, सावकाश. बायका वाटतात तेव्हा बांगड्या वाजतात. या आवाजाला बांगड्या नव्हत्या.

आई सहज बोलून गेली, रूथ काय वाटतेय एवढ्या उन्हाची?

मग तिचा हात थांबला.

आमचा वरवंटा आमच्याच कोपऱ्यात होता. माझ्या पायापाशी.

तेवढ्यात मावशी दारात आली. केस मोकळे, डोळ्यांत झोप. तिने विचारलं, ताई, तू वाटतेस का गं?

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. पलीकडे मावशीच्या रिकाम्या घरात...

घर्र... घर्र...

आई आधी गेली, मागून आम्ही. घरात कोणी नव्हतं. पाटा मात्र ओला होता. त्यावर बारीक वाळू होती. नदीत असते तशी.

त्यानंतर मावशीच्या चटणीत वाळू लागू लागली. तिने पाटा घासला, मिठाने धुतला. वाळू येतच राहिली. एक दिवस काकांच्या दाताखाली खडा आला. त्यांनी ताट भिंतीवर फेकलं. ज्या माणसाने कधी मांजरही हाकललं नव्हतं, त्याने.

मावशीने हे आम्हाला सांगितलं नाही. मला भिंतीवरचा डाग दिसला.

मग तिच्या दंडावर चार बोटांचे वळ दिसले. आईने विचारलं तर म्हणाली, खाटेचा पाय लागला. खाटेला बोटं असतात का, असं आई म्हणाली. मावशी ओठ मिटून उठून गेली. ती त्या वेळी पोटुशी होती. बाळ आणि नवरा, दोन्ही गमवायची भीती तिच्या चेहऱ्यावर मला दिसायची.

आईने ठरवलं, काकांशी आपणच बोलायचं. पण तेवढा अवकाश मिळाला नाही.

रविवार होता. प्रार्थनेहून येऊन आम्ही जेवलो होतो. मावशीला संध्याकाळच्या कालवणाला वाटण करायचं होतं. आई म्हणाली, जा, तिला वरवंटा देऊन ये. मी तो पोटाशी धरून निघाले. जड होता.

दार उघडं होतं.

आत मावशी गुडघ्यांवर होती. काकांनी तिचे केस मुठीत धरले होते. तिचं डोकं पाट्यावर टेकवलेलं होतं, एक गाल खाली. तिने उजवा हात कानावर ठेवला होता.

आणि काकांच्या दुसऱ्या हातात वरवंटा होता.

आमचा वरवंटा माझ्या हातात होता... तरीही त्यांच्या हातात वरवंटा होता. काळा, ओला. त्यावर शेवाळ होतं. पाणी त्यांच्या कोपरावरून गळत होतं.

ते बोलत होते. आवाज त्यांचाच होता, पण बोली त्यांची नव्हती. मिशनच्या शाळेत शिकलेला माणूस तसं कधीच बोलला नव्हता.

"लई तोंड चालतंय तुजं. आता चालव की. चालव, नकुशे."

वरवंटा खाली आला.

तो मावशीच्या हातावर बसला. ओली काटकी मोडावी तसा आवाज झाला. मावशी ओरडली नाही. तिचं तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. वरवंटा पुन्हा वर गेला. पुन्हा खाली आला. तिने हात काढला नाही. हात काढला असता तर डोकं फुटलं असतं. तिची बोटं चेचली, आणि पाट्याच्या टाकीच्या खाचांतून रक्त ओघळू लागलं. वाटणाचं पाणी ओघळतं तसं.

मी किंचाळले असेन. आई कधी आली ते मला कळलं नाही. तिने माझ्या हातातला वरवंटा ओढून घेतला आणि दोन्ही हातांनी काकांच्या खांद्यावर घातला. हाड मोडलं. ते भिंतीवर आपटले. तरी उठायला लागले. आईने पुन्हा घातला.

मग ते खाली बसले.

त्यांनी मावशीकडे पाहिलं. स्वतःच्या हातांकडे पाहिलं. हात मनगटापर्यंत ओले होते. नखांत वाळू होती.

"ताई," ते म्हणाले, "हिला कोणी मारलं?"

त्यांच्या हातातला वरवंटा खोलीत कुठेच नव्हता. आम्ही सगळं घर पाहिलं.

दवाखान्यात मावशीने सांगितलं, पाटा उचलताना हातावर पडला. तीन बोटं काढावी लागली. बाळ राहिलं नाही.

त्या आठवड्याच्या बाजारात आई पहिल्यांदाच वडिलांशिवाय गेली. मला बरोबर घेतलं होतं. बापूसाहेब गाडीपाशी पान लावत होते. आईने नमस्कारही केला नाही. तिने एवढंच विचारलं की नकुशी कोण.

त्यांच्या हातातलं पान खाली पडलं.

त्यांच्या धाकट्या भावाची, जयसिंगाची, ती बायको. त्याने तिला संक्रांतीनंतर मारलं होतं. त्याच पाट्यावर डोकं ठेवून. वरवंटा घेऊन तो नदीवर गेला आणि घोडनदीच्या डोहात फेकून आला. पोलिसांनी गळ टाकले, पोहणारे उतरवले. मिळाला नाही. जयसिंग येरवड्याला होता. तिच्या वस्तू घरात ठेवायला बायका तयार नव्हत्या, टाकायला त्यांची म्हातारी आई तयार नव्हती. तुमच्या लोकांना असलं काही बाधत नाही, असं कोणीतरी म्हणालं होतं.

घोड पुढे भीमेला मिळते. आणि भीमा दौंडावरून जाते. हे आम्ही तेव्हा बोललो नाही, पण दोघींच्याही मनात आलं असणार.

आई म्हणाली, सांगायचं तरी होतं.

बापूसाहेब खाली बघत होते. "तुमी इचारलंच न्हाई, वहिनी," ते म्हणाले.

आई घरी आली ती सरळ कोळसा फोडायचा घण मागून घेऊनच. पाट्याचे तुकडे करायचे, आणि तुकडेही कोणाच्या हाती लागू द्यायचे नाहीत.

मावशीच्या घरात पाटा नव्हता.

काका खाटेवर बसले होते, हात गळ्यात बांधलेला. ते म्हणाले, मला तो घरात बघवेना. शेडमधले दोन खलाशी मजूर बोलावले आणि...

"आणि काय, एडविन?"

"ओट्यावर ठेवायला लावला, ताई."

ओटा रिकामा होता.

मग आईने आपला नियम मोडला. दारोदार फिरली. पाटा कोणी नेला, कोणी पाहिलं, सांगा. बायका तिच्याकडे विचित्र नजरेने बघत. एक जण तोंडावर म्हणाली, देऊन परत मागता होय, ग्लॅडिसबाई? आई खरं काय ते सांगू लागली की लोकांची खात्रीच पटायची की चांगला पाटा तिला परत हवाय. ज्याने नेला होता त्याने तो आणखी आत लपवला असेल.

काकांनी बदली मागून घेतली, कुर्डुवाडीला गेले. मावशी आमच्याकडे राहिली. ते पैसे पाठवत, पत्रं पाठवत. पण तिच्याबरोबर एका छताखाली पुन्हा कधी झोपले नाहीत. त्यांना तिची भीती नव्हती. स्वतःच्या हातांची होती.

दिवाळीच्या सुमाराला मागच्या चाळीत एका पोर्टरने बायकोला मारलं. शांत माणूस, दारूही पीत नव्हता. डोकं चेचलं होतं. कशाने मारलं ते पोलिसांना सापडलं नाही. वडील पाहून आले आणि जेवले नाहीत. आईने विचारलं तेव्हा एवढंच म्हणाले की फरशीवर वाळू होती.

आई त्या घरी धावली. घर मोकळं झालं होतं. मेलेल्या बाईच्या माहेरच्यांनी सामान आजूबाजूला वाटून टाकलं होतं, टाकून देण्यापेक्षा बरं म्हणून.

पाटा कोणाला दिला?

आठवत नाही, म्हणाले. कोणीतरी मागितला, दिला.

दौंड सोडून मला खूप वर्षं झाली. आई गेली, मावशी गेली. पण तो दगड आहे. दगडाला काय होणार?

कोणाच्या तरी घरात असेल.