अकराला पाच कमी

सर्व्हर-रूमचं दार तिनं ढकललं, त्याच क्षणी पलीकडून त्यानं ओढलं. ती धडपडली ती थेट त्याच्या निळ्या स्वेटरवर!

"सॉरी... लागलं का?"

"नाही," ती म्हणाली. पण नजर त्याच्या मागे गेली होती. माझ्या मशीनपाशी हा काय करत होता?

संशयाला कारण होतं. कंपनीनं तिचा, दोन वर्षं खपून लिहिलेला डेटाबेस वापरायचा की बाहेरून तयार आणायचा, हे विभागप्रमुख मॅडम शुक्रवारी ठरवणार होत्या. आणि मागच्या नोकरीत एका गोडबोल्या सहकाऱ्यानं तिचं काम स्वतःच्या नावावर खपवलं होतं. दुधानं तोंड पोळलेली ती, ताकही फुंकूनच पिणार! कुणी शेजारी बसू नये म्हणून बाजूच्या खुर्चीवर कायम तिची बॅग असायची.

तिनं मशीनची नोंद उघडली. रोज अकराला पाच कमी असताना स्वेटरवाल्याचं लॉगिन. आणि तिच्या डेटाबेसच्या वेगाची चाचणी बरोब्बर अकराला! पाणी कुठेतरी मुरत होतं.

"दिसायला कसा आहे?" फोनवर ताईनं विचारलं.

"ताई, चोर आहे तो!"

"हो गं, पण चोर दिसायला कसा आहे?"

"...बरा आहे."

बुधवारी तिनं सापळा लावला. कुणाला न सांगता चाचणी साडेदहालाच चालवली. वेग निम्मा! मशीनवर कोण ठाण मांडून बसलंय पाहिलं, तर स्वेटरवाल्याचा भलामोठा प्रोग्राम. ती तरातरा त्याच्या टेबलाशी गेली.

"माझ्या मशीनवर काय चाललंय तुमचं?"

तो गडबडला. "मशीन आपल्या दोघांना दिलंय... माझी प्रोसेसरची तपासणी तिथंच चालते. तुमची चाचणी असते ना, म्हणून अकराच्या आधी मी ती थांबवतो."

"कुणी सांगितलं होतं?"

"कुणी नाही. आकडा चांगला आला की तुम्ही कॉफी घेऊन खिडकीशी जाता, आणि — हसता. दिवसातून तेवढंच एकदा."

तिचे कान तापले. साप साप म्हणून भुई धोपटली होती तिनं. पण लगेच तिच्या लक्षात आलं. "म्हणजे माझे सगळे आकडे रिकाम्या मशीनवरचे? अहो, बाहेर कोण मशीन रिकामं करून देणार आहे मला!"

"चुकलंच. सांगायला दोनदा आलो होतो. तुम्ही स्क्रीन झाकलीत."

शुक्रवारला दोनच दिवस उरले होते. तिनं त्याला आपल्या टेबलाशी आणलं आणि बाजूच्या खुर्चीवरची बॅग उचलली. "बसा. वेग निम्मा का होतो, ते सांगा."

त्यानं कागदावर दोन चौकोन काढले. मशीनमध्ये प्रोसेसर दोन, प्रत्येकाजवळ स्वतःची मेमरी. गर्दी झाली की तिचं काम दुसऱ्या प्रोसेसरवर फेकलं जायचं, डेटा मात्र पहिल्याजवळच राहायचा. मग प्रत्येक आकडा लांबून ओढत आणायचा.

"ओढायचा कशाला?" तिचे डोळे चमकले. "काम डेटाजवळच बांधून ठेवू. पलीकडचं काही हवं असलं तर नुसता निरोप पाठवू."

दोघं त्यावर दोन दिवस राबली. चुका शोधताना ती "तुम्ही"वरून "तू"वर कधी आली, तिलाच कळलं नाही.

"उद्या काही थांबवायचं नाही हं," तिनं बजावलं.

शुक्रवारी मॅडम येऊन बसल्या. तिनं सवयीनं नोंद पाहिली. अकराला पाच कमी, त्याचं लॉगिन! पुन्हा दया दाखवली यानं? तिनं चालू प्रोग्रामांची यादी उघडली. त्याचा प्रोग्राम चालूच होता. शेजारी तसाच आणखी एक, नुकताच सुरू केलेला!

तो कोपऱ्यातून तिच्याकडे बघत होता. आता माघार नव्हती. तिनं चाचणी सुरू केली.

आकडा आला. जुन्यापेक्षा जरा कमी, पण शेवटपर्यंत ढळला नाही.

"हाच वापरू," मॅडम म्हणाल्या.

खिडकीशी आज दोन कप होते. "दुप्पट भार टाकलास? बुडाले असते मी!"

"नसतीस बुडाली. मला खात्री होती."

इतकी खात्री तिच्याबद्दल आजवर कुणी धरली नव्हती. तिचे डोळे भरून आले, आणि ती हसली.

"आवडतोस तू मला... थोडा संशय अजून आहे, पण जाईल तो."

"किती दिवसांत?"

"रोज शेजारी बसलास, तर लवकर."