संदेश परत म्हणा

चिपेगोचा मका गिरणीच्या तोंडात पडला आणि नेमकी तेव्हाच वीज गेली.

पहाटेपासून ती रांगेत उभी होती. नंबर सतरावा. सोळाजणींचं दळण झालं, सोळाजणी पीठ डोक्यावर घेऊन घरी गेल्या, आणि सतराव्या नंबरला गिरणीने मान टाकली. चिपेगोने वर पाहिलं. सिनाझोंग्वेच्या माळावरून विजेच्या जाड जाड तारा तिच्या डोक्यावरून सरळ राजधानीला, लुसाकाला चालल्या होत्या. तिचं हे असं... वीज कायम डोक्यावर, हातात कधीच नाही.

मागे कुणीतरी हसलं.

"दात काढायला काय झालं?" ती गर्रकन वळली.

निळ्या डांगरीतला एक उंच तरुण उभा होता. खांद्यावर मक्याचं पोतं, काखेत पांढरं हेल्मेट आणि नखांत कोळसा. "काही नाही," तो म्हणाला. "माझा नंबर अठरावा आहे, म्हणून हसलो. रडून वीज येत असती तर रडलो असतो."

हेल्मेटवरचं चिन्ह चिपेगोने ओळखलं. "कोळशाच्या खाणीवरच्या वीजकेंद्रातला दिसतोस. म्हणजे वीज घालवणारा तूच!"

"मी करतो. घालवणारे वेगळे."

"नाव?"

"मुबियाना सिताली."

रांगेतल्या बायकांचे डोळे चमकले. लोझी! आणि आपली चिपेगो तोंगा. लोझी आणि तोंगा या दोन जमातींचं पिढ्यानपिढ्यांचं थट्टेचं नातं, मेहुणा-मेहुणीचं असतं तसं. पहिल्या भेटीपासून अरे-तुरे. वाटेल ते बोलावं, समोरच्याची वस्तू पळवावी, वर दंड मागावा. राग मात्र धरायचा नाही. जो धरेल त्याचीच फजिती.

चिपेगोने त्याच्या काखेतलं हेल्मेट उपटलं. "जप्त! माझं दळण होईल त्या दिवशी परत मिळेल."

"अगं, त्याच्याशिवाय मला फाटकातून आत सोडणार नाहीत!"

"मग जा मासे धरायला. तुम्हा लोझींना दुसरं येतं काय?"

मुबियाना भर रांगेत गुडघ्यावर बसला आणि राजापुढे वाजवाव्यात तशा हलकेच टाळ्या वाजवू लागला. "गुरं राखणाऱ्या तोंगांच्या राणीसाहेब... एक विचारू? तुमच्या घरी विस्तव मिळेल का?"

बायका खिदळल्या. त्या खोऱ्यात मुलीच्या घरी विस्तव मागणं म्हणजे थेट मागणी घालणं!

"कोळशावाल्याला विस्तव कमी पडला वाटतं!" चिपेगो म्हणाली खरी, पण कानाच्या पाळ्या गरम झाल्याच.

तो लगेच रांगेतल्या ऐंशी वर्षांच्या नामूंगा आजीकडे वळला. "आजी, तुमच्याकडे तरी?"

"ये की बाबा, आजच ये," आजी बोळकं पसरून म्हणाली.

झालं. म्हणजे थट्टाच ती. कानाच्या पाळ्या उगीच गरम झाल्या.

तिसऱ्या दिवशी तो तिच्या दारात हजर. वीजकेंद्राच्या वसाहतीत गिरणी चालू असायची. तिथून तिच्यासाठी पीठ दळून आणलं होतं. चिपेगोने हेल्मेट परत केलं. त्यात एक अंडं होतं.

"हे काय?"

"आमची कोंबडी बसली त्यात. तुझ्या डोक्यापेक्षा तिलाच त्याचा जास्त उपयोग झाला."

तेव्हापासून तो येतच राहिला. कधी सुकवलेली छोटी मासळी घेऊन, कधी नुसताच. आणि प्रत्येक वेळी जाताना दारात थांबून — "मग, विस्तव?" प्रत्येक वेळी ती काहीतरी टोचून बोलायची, तो हसत जायचा, आणि ती तो वळणाआड होईपर्यंत बघत राहायची. हे त्याला ठाऊक नव्हतं. की होतं...?

आता चिपेगोचं सांगायला हवं. चिपेगो सियाम्विझा, वय सव्वीस, लिव्हिंगस्टोनच्या तंत्रशाळेत पहिली आलेली. करिबाचं धरण बांधलं तेव्हा तिच्या आजोबांचं गाव पाण्याखाली गेलं. देशाला वीज मिळाली, आजोबांना माळ मिळाला. त्याच माळावर आता सूर्यावर चालणारं वीजकेंद्र उभं राहत होतं, आणि त्याच्या नियंत्रण कक्षात बसणार होती आजोबांची नात. गावच्या बायकांनी कुरण देताना एकच अट घातली होती: पहिली तार गिरणीला. ती अट कागदावर चिपेगोनेच लिहिली होती, ठळक अक्षरांत. या गोष्टीचा तिला एवढा अभिमान होता, की झोपेतसुद्धा तिची मान ताठ असायची असं तिची आई म्हणे.

आणि मुबियानाला अभिमान त्याच्या दोन नंबरच्या बॉयलरचा. मग काय, रोज ठिणग्या!

एका संध्याकाळी दोघं करिबाच्या जलाशयाकाठी बसले होते. काठी कसलं... पाणी दोन वर्षांच्या दुष्काळात इतकं मागे सरलं होतं, की होड्या चिखलात बसल्या होत्या.

"तुझ्या धुराड्याने पळवला बघ पाऊस," चिपेगो म्हणाली.

तो नेहमीसारखा हसला नाही. "माझं धुराडं एक, जगाची हजार. बरं, पळवला. पण पाऊस पळाल्यावर देश कुणी सांभाळला? धरणाची यंत्रं गप्प झाली, तेव्हा लुसाकाच्या इस्पितळात दिवे कुणाच्या जिवावर होते? आम्ही दोन वर्षं बॉयलर विझू दिलं नाही, चिपेगो. माझे लोक तापाने फणफणले तरी पाळीवर आले."

ती हळूच म्हणाली, "माहीत आहे मला. माझ्या बहिणीची मुलगी त्याच इस्पितळात काचेच्या पेटीत होती. वीस दिवस. पेटीची वीज एकदाही गेली नाही."

"मग त्या पोरीवर माझा अर्धा हक्क."

"पाव."

"पाव तर पाव." त्याने एक खडा उचलला आणि नुसताच हातात फिरवत बसला.

"पण मुबियाना... ती पोर माझ्याएवढी होईल तेव्हाही इथं पाणी असायला हवं ना?"

त्याने तो खडा दूर भिरकावला. खडा पाण्यात पडला नाही, चिखलात पडला. दोघांनी ते पाहिलं.

उठताना तो म्हणाला, अगदी सहज, कपडे झटकत — "तुझं केंद्र चाचणीच्या दिवशी नीट चाललं, तर दोन नंबरचं बॉयलर दिवसा अर्ध्यावर येणार. मग निम्म्या लोकांची बदली. यादीत माझं नाव आहे. किट्वेला, तांब्याच्या खाणीवर."

"मग?" तिने विचारलं.

"मग काय, तिथल्या मुलींकडे विस्तव मागेन!"

थट्टेच्या नात्यात हसावंच लागतं. चिपेगो हसली. घरी जाऊन मक्याच्या पिठाची शिमा वाढताना मात्र तिच्या डोळ्यांना धार लागली, आणि धूर फार झालाय असं तिने आईला सांगितलं. चूल तर कधीचीच विझली होती! तिला मुबियाना हवा होता. साधी, सरळ गोष्ट. आणि तो हवा असेल तर तिने आपलं केंद्र नीट चालवायला नको होतं. तेही तिच्याने होणार नव्हतं. आजोबांच्या माळाशी बेइमानी ती सात जन्मांत करती ना. आणि त्याच्या मनात काय आहे हे विचारायची तर सोयच नव्हती... जो नामूंगा आजीलाही तेच विचारतो, त्याच्या बोलण्यावर विसंबायचं कसं?

चाचणीचा दिवस उजाडला. सूर्यकेंद्र आणि कोळसाकेंद्र यांच्यात त्या दिवसासाठी थेट बोलण्याची लाइन जोडली होती, आणि तिच्यावर लुसाकाहून कपाम्ब्वेबाई कान लावून बसल्या होत्या. तिथल्या मुख्य नियंत्रण कक्षात बत्तीस वर्षं काढलेली बाई! या लाइनचे नियम कडक. संदेश द्यायचा, ऐकणाऱ्याने तो शब्दन् शब्द परत म्हणायचा, आणि मग देणाऱ्याने "बरोबर" म्हणायचं. सगळं ध्वनिमुद्रित. अहो-जाहो सक्तीचं. थट्टा केली तर नोकरीवर गदा.

चिपेगोच्या मागे खात्याचे दोन साहेब हाताची घडी घालून बसले होते. खिडकीतून गावच्या गिरणीची घरघर ऐकू येत होती. पहिली तार तिकडे गेलीच होती.

दहा वाजता तिने बटण दाबलं. "सूर्यकेंद्र बोलतंय. आमची वीज चाळीस मेगावॅट झाली आहे. तुम्ही दोन नंबरचं बॉयलर चाळीसने उतरवा. संदेश परत म्हणा."

पलीकडे मुबियाना होता. दोन वर्षं जे विझू दिलं नाही, ते आज तिच्या सांगण्यावरून त्याने स्वतःच्या हाताने कमी करायचं होतं. आणि किट्वेचा रस्ताही स्वतःच मोकळा करायचा होता.

"दोन नंबरचं बॉयलर चाळीसने उतरवतो." आवाज स्थिर होता.

"बरोबर," ती म्हणाली. टेकडीपलीकडचा धूर हळूहळू विरळ झाला. चिपेगोला स्वतःचा अभिमान वाटायला हवा होता, वाटलाही. पण त्याहून जास्त वाटला तो त्याचा.

बारा वाजून वीस मिनिटांनी पलीकडच्या झिंबाब्वेच्या काठाकडून ढग निघाला.

सगळं खोरं दोन वर्षं ज्याची वाट बघत होतं, तो हा! बाहेर बायकांनी आनंदाने आरोळ्या ठोकल्या. आणि चिपेगोने मीटरच्या काट्यावर नजर रोवली. ढग माळावर आला की तिची वीज निम्म्यावर येणार. लुसाकाचे दिवे लुकलुकले, तर मागचे साहेब एकमेकांकडे बघणार — सूर्यावर भरवसा ठेवण्यात अर्थ नाही! काटा पडायची वाट बघत बसायची वेळ नव्हती. मदत मागायला लागणार होती. ताठ मानेच्या पोरीला हे काही सोपं नव्हतं. पण तिने पाण्यावर सरकणारी सावली पाहिली आणि बटण दाबलं.

"सूर्यकेंद्र बोलतंय. पाच मिनिटांत आमच्यावर ढग येतो आहे. आम्हाला... वीसचा आधार द्या. संदेश परत म्हणा."

"वीसचा आधार देतो. आग आधीच वाढवली आहे."

"आधीच?" नियम विसरून तिने विचारलं.

"सकाळपासून मीही तुमच्याच आकाशाकडे बघतो आहे."

लुसाकाहून कपाम्ब्वेबाई खाकरल्या.

काटा घसरू लागला. चाळीस, तेहतीस, सव्वीस, वीस... आणि तिकडे त्याचा आकडा तेवढाच वर चढत गेला. छपरावर हलकी सर ताडताड वाजून गेली. मातीचा वास खिडकीतून आत आला. गिरणीच्या घरघरीत जराही फरक पडला नाही. दहा मिनिटांनी ऊन परतलं, तिचा काटा चढला, त्याचं बॉयलर पुन्हा उतरलं. साहेबांनी हाताच्या घड्या सोडल्या. त्यातल्या एकाने तर चक्क चिपेगोची पाठ थोपटली.

"लुसाका नोंद करते आहे," कपाम्ब्वेबाईंचा कोरडा आवाज आला. "शहरातले दिवे लुकलुकले नाहीत. दोन्ही केंद्रांचं काम उत्तम. बदल्यांचं काय ते वरचे ठरवतील, पण ढग झेलायला कोळसाकेंद्रावर जाणता माणूस लागतो, एवढं मी अहवालात लिहिणार आहे. आणखी कुणाचा संदेश?"

लाइन बंद व्हायची, इतक्यात —

"आहे," मुबियाना म्हणाला. "कोळसाकेंद्राकडून सूर्यकेंद्राला. माझी बदली होवो अथवा न होवो, येत्या रविवारी सकाळी नऊ वाजता माझे मामा सियाम्विझांच्या घरी विस्तव मागायला येत आहेत. संदेश परत म्हणा."

चिपेगोचा हात बटणावरच राहिला. मागे साहेब, वर लुसाका, सगळं मुद्रित होत असलेलं. आणि या लाइनवर थट्टा चालत नाही. हे त्याला माहीत होतं... म्हणून तर त्याने नेमकी हीच लाइन निवडली होती!

"येत्या रविवारी," ती म्हणाली. "सकाळी नऊ वाजता... बदली होवो अथवा न होवो... तुमचे मामा आमच्या घरी... विस्तव मागायला येत आहेत."

"बरोबर." कोळशाच्या आगीसमोर दोन वर्षं न डगमगलेल्या माणसाचा आवाज कापत होता.



"सूर्यकेंद्र," कपाम्ब्वेबाई म्हणाल्या, "संदेश नुसता ऐकलात, की पुढे काही करणार? अर्धी नोंद मी बत्तीस वर्षांत सोडलेली नाही."

मागचे दोन साहेब खिडकीबाहेर बघू लागले. चिपेगोने मान ताठ केली.

"सूर्यकेंद्राकडून कोळसाकेंद्राला. आधी नामूंगा आजीची माफी मागावी. त्या कधीपासून वाट बघत आहेत. आणि... विस्तव मिळेल. संदेश परत म्हणा."

"नामूंगा आजीची माफी मागतो," मुबियाना म्हणाला. "विस्तव..." पुढचा शब्द त्याच्या तोंडून फुटेना. लुसाका थांबली. साहेब थांबले. "विस्तव मिळेल."

"बरोबर," चिपेगो म्हणाली.